एक बंदा पुरेसा असतो का?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आज 'सिर्फ एक बंदा काफी है' या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. 2023च्या मे महिन्यात तो ओटीटीवर आला. दिग्दर्शक अपूर्व सिंह कार्की, वकिलाच्या भूमिकेत मनोज बाजपेयी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नसेल पाहिला तरी अडणार नाही, लागेल तेवढी गोष्ट आम्ही सांगूच.

सुरुवात एका कबुलीनं करतो. आमच्या गटानं हा चित्रपट पहिल्यांदा एकत्र बसून पाहिला, तेव्हा शेवटच्या युक्तिवादाला आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी घसघशीत. दिवे लागले, चहा आला. तेवढ्यात मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "सगळं खरं, पण शेवटी त्या मुलीचं काय झालं? ती कुठे गेली?" कुणाला पटकन उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं आमच्याकडून राहून गेलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी चित्रपट कशावर बेतला आहे ते पाहू. चित्रपट नाव घेत नाही, पण पाहणाऱ्याला ओळखायला वेळ लागत नाही. आसारामच्या शिष्यपरिवारातली सोळा वर्षांची एक मुलगी, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या त्याच्याच गुरुकुलात शिकणारी. मुलीला बाधा झाली आहे, असं वसतिगृहाकडून आईवडिलांना कळवलं गेलं. उपाय काय, तर बापूंकडे न्या. आईवडील स्वतः तिला घेऊन जोधपूरजवळच्या मणाई गावातल्या आश्रमात गेले. 15 ऑगस्ट 2013च्या रात्री तिथे तिच्यावर अत्याचार झाला. 20 ऑगस्टला दिल्लीत गुन्हा नोंदला गेला आणि तपास जोधपूर पोलिसांकडे गेला. ऑगस्ट संपता संपता इंदूरच्या आश्रमातून आसारामला पकडलं. निकाल लागला 25 एप्रिल 2018 रोजी. तोही न्यायालयाच्या इमारतीत नाही, जोधपूरच्या तुरुंगातच न्यायालय भरवून, कारण बाहेर भक्तांची गर्दी होईल ही भीती होती. त्याला जन्मठेप झाली. वसतिगृहाची वॉर्डन आणि आणखी एक जण यांना वीस-वीस वर्षं. दोघे सुटले. पुढे 2023च्या जानेवारीत गांधीनगरच्या न्यायालयानं दुसऱ्या एका शिष्येच्या प्रकरणात त्याला पुन्हा जन्मठेप दिली. त्याचा मुलगा नारायण साई यालाही 2019 साली सुरतेत जन्मठेप झालेली आहे.

आता चित्रपटाकडे येऊ. आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणानं सांगतो. हा चित्रपट अत्याचार दाखवत नाही. आपल्याकडे अशा विषयावरच्या कितीतरी चित्रपटांत निषेधाच्या नावाखाली तोच प्रसंग तब्येतीत दाखवतात. इथे ते नाही. दुसरं, खटला म्हणजे काय असतं याची कंटाळवाणी बाजू इथे आहे. तारखा, जामिनाचे अर्ज, मुलीच्या वयावरून शाळेच्या दाखल्याची ओढाताण. वयाचा मुद्दा इतका का ताणला जातो? 'पॉक्सो' कायदा नोव्हेंबर 2012मध्ये लागू झाला आणि त्यानं अठरा वर्षांची रेषा आखली. मुलगी अठराच्या आत असेल तर संमतीची चर्चाच उरत नाही. म्हणून बचावाची सगळी ताकद त्या एका जन्मतारखेवर. चित्रपटाला हे नीट कळलेलं आहे. आणि मनोज बाजपेयी. खांदे पाडून चालणारा, दिल्लीच्या नामांकित वकिलांसमोर दबून जाणारा, घाबरणारा वकील. धैर्य म्हणजे भीती नसणं नव्हे, एवढं त्यानं देहबोलीतून सांगितलं आहे. अद्रिजा सिन्हा या मुलीनं साक्षीचा प्रसंग ज्या संयमानं केला आहे, तो तर आमच्या मते चित्रपटातला सगळ्यात खरा भाग आहे.

मग तक्रार काय आहे? तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे: एक शीर्षक, दुसरा शेवट.

शीर्षक सांगतं, एकच बंदा पुरेसा आहे. प्रत्यक्षात काय घडलं ते बघा. दोन्ही खटल्यांतले मिळून तीन साक्षीदार 2014 आणि 2015 या दोन वर्षांत गोळ्या घालून मारले गेले. त्यातले एक वैद्य होते, आश्रमात वर्षानुवर्षं राहिलेले. एक स्वयंपाकी होता. आणखी एकावर जोधपूरच्या न्यायालयाच्या आवारातच चाकूहल्ला झाला, तो वाचला आणि पुढे बेपत्ता झाला. ही सगळी एके काळची भक्तमंडळी. आतली माणसं. बाहेर पडली, बोलली, आणि त्याची किंमत मोजली. शिवाय तपास करणारे पोलीस, ज्यांना धमक्यांची पत्रं येत होती. वेळोवेळी जामीन नाकारणारी न्यायालयं. साक्षीदारांचे खून चित्रपटात आहेत, नाही असं नाही. पण तिथे त्यांचं काम एवढंच की नायकाच्या जिवाला किती धोका आहे ते आपल्याला कळावं. खून झाला की कॅमेरा वकिलाच्या चेहऱ्याकडे वळतो. मेलेला माणूस आश्रमातून का बाहेर पडला असेल, त्याच्या घरी काय झालं असेल, यासाठी चित्रपटाकडे वेळ नाही.

असं आपल्या मनोरंजनात नेहमीच होतं का? तर नाही. मराठी माणसानं साठ वर्षांपूर्वी याच प्रकारचं एक कोर्ट पाहिलेलं आहे. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच'. 1962 सालचं नाटक, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत. त्यातलं एक रूप राधेश्याम महाराजाचं होतं हे आपण विसरून जातो. लखोबाच्या उलट्या बोंबांना आपण हसलो, त्याच्या हजरजबाबीपणावर खूश झालो, हे त्या नाटकाचं यशही आणि दुखणंही. पण रचना बघा. नाटक पुढे सरकतं ते फसवल्या गेलेल्या माणसांच्या साक्षींवर. एकेक जण पिंजऱ्यात येतो, आणि आपण कसे फसलो ते सांगतो. रंगमंच फिरतो तो त्यांच्या घराकडे. सरकारी वकील कोण होता, हे नाटक पाहून आलेल्या किती जणांना आठवतं? नव्या चित्रपटात नेमकं उलट झालं आहे. वकील आठवतो. फसलेल्यांचं घर दिसतच नाही.

आणि या प्रकरणात सगळ्यात मोठी गोष्ट त्या घरातच घडली, असं आमचं म्हणणं आहे.

जरा विचार करा. हे आईवडील साधे भाविक नव्हते. वर्षानुवर्षांचे अनुयायी. आश्रमासाठी पैसा आणि कष्ट घातलेले. मुलीला गुरुकुलात ठेवलं, ते चांगले संस्कार व्हावेत म्हणून. भूतबाधा झाली असं सांगितलं गेलं तेव्हा डॉक्टर न गाठता गुरू गाठला. आत मुलीवर अत्याचार होत होता, त्या वेळी आई बाहेर बसलेली होती. आणि मुलीनं तोंड उघडलं तेव्हा त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. वडील दिल्लीला गेले, ते आधी त्यालाच गाठायला. तिथे त्याचा कार्यक्रम होता. भेटू दिलं नाही, मग पोलीस. म्हणजे गुरू की लेक, हा निवाडा न्यायालयात पाच वर्षांनी लागला, पण त्या घरात तो पाच दिवसांत लागला होता. ते कसं झालं असेल? देव्हाऱ्यातला फोटो कुणी काढला असेल? त्या पाच दिवसांत नवराबायको एकमेकांशी काय बोलले असतील? अशी वेळ आली की आपल्याकडे किती घरांत मुलीलाच गप्प बसवतात, हे तुम्हालाही माहीत आहे. या घरानं बसवलं नाही. खरा नाट्यप्रसंग तो आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा हे सगळं घडून गेलेलं असतं. आईवडील पोलीस ठाण्यात पोहोचलेले असतात आणि पुढे वकिलामागे हात जोडून उभे राहतात.

आता शेवटाकडे. वकील एक पुराणकथा सांगतो. तिचा सारांश असा: रावणानं सीतेला पळवलं हे पाप खरंच, पण साधूचा वेश घेऊन पळवलं हे महापाप, कारण त्यामुळे साधू या रूपावरचाच जगाचा विश्वास उडतो. भाषण जबरदस्त झालं आहे. टाळ्या तिथेच पडतात. आमच्याही पडल्या. पण घरी जाऊन विचार केला की खटकायला लागतं. या हिशेबात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं झालं? श्रद्धेचं. साधुत्वाचं. मुलगी त्यात उदाहरणापुरती उरते. त्या बाईंनी विचारलं होतं ना, ती कुठे गेली? ती या भाषणात हरवली.

दुसरं असं, की या भाषणामुळे प्रेक्षक सुटतो. हा ढोंगी होता, साधूच्या वेशातला रावण होता, एवढं ठरलं की आपला तो खरा, हे म्हणायला आपण मोकळे. प्रश्न वेशाचा आहे का? गुरूच्या शब्दापुढे प्रश्न विचारायचाच नाही, आपली लेकरं, पैसा, आजारपणं सगळं त्याच्या पायाशी ठेवायचं, ही जी रचना आहे तिच्यात बसलेला माणूस आज चांगला असेलही. पण तो उद्या तसा राहिला नाही, तर त्याला अडवणारं तिथे कोण असतं?

गंमत म्हणजे, या गोष्टीला कायद्यानं अधिक साधा शब्द शोधलेला आहे. दिल्लीच्या डिसेंबर 2012च्या घटनेनंतर 2013 साली बलात्काराचा कायदा बदलला. त्यात 376(2)(फ) या कलमात नातेवाईक, पालक, शिक्षक यांच्या जोडीला विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरची व्यक्ती आली. तिनं गुन्हा केला तर तो अधिक गंभीर. हे कलम या खटल्यात लागलं होतं. रावण नाही, महापाप नाही. विश्वासाचं स्थान, एवढंच. आणि त्या दिल्लीच्या घटनेबद्दल आसाराम काय बोलला होता? टाळी एका हातानं वाजत नाही, त्या मुलीनं हल्लेखोरांना भाऊ म्हणायला हवं होतं, अशा अर्थाचं. ज्या घटनेनं कायदा कडक झाला तिची टिंगल करणारा माणूस वर्षाच्या आत त्याच कायद्याखाली पकडला गेला. चित्रपटाच्या लेखकाला हे हाताशी असताना पुराणात जावंसं का वाटलं असेल? कारण टाळ्या तिथे आहेत.

आता हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणू नये. मार्च 2013 आठवा. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, जनावरांच्या छावण्या लागलेल्या. त्याच होळीला नागपुरात आणि नवी मुंबईच्या ऐरोलीत आसारामनं टँकरच्या टँकर पाणी भक्तांवर उडवलं. खूप बोंबाबोंब झाली. पाण्यासाठी झाली, ते योग्यच. पण भिजायला आलेले हजारो लोक मराठीच होते, आपल्याच आळीतले. ते कसे जमले, हा प्रश्न तेव्हा फार कुणी विचारला नाही. जो माणूस हे आयुष्यभर विचारत आला, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या सकाळी पुण्यात खून झाला. दिल्लीत त्या मुलीची तक्रार नोंदली गेली तोच दिवस. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण ती तारीख आम्ही विसरू शकत नाही. काही दिवसांत इथे जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीला कायदा झाला. बाधा उतरवतो असं सांगून माणसाला लुबाडणं, छळणं, त्याला उपचारांपासून तोडणं, हा त्या कायद्याचा गाभा आहे. त्या मुलीच्या आईवडिलांना पहिला निरोप आला होता, तो बाधेचाच.

म्हणून आमचं म्हणणं इतकंच. चित्रपट जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. साक्षीचा प्रसंग पुन्हा पाहा. पण शीर्षकावर विश्वास ठेवू नका. एक बंदा पुरेसा नव्हता. एक मुलगी बोलली आणि पाच वर्षं आपल्या शब्दापासून हलली नाही. दोन माणसांनी गुरूऐवजी लेकीवर विश्वास ठेवला. काही जुन्या शिष्यांनी जीव गमावला. मग पोलीस, मग वकील, मग न्यायाधीश. या क्रमात वकील कितवा येतो ते तुम्हीच मोजा. त्यानं काम उत्तम केलं, पण त्याच्या हातात खटला आला तो कुणीतरी घरातल्या घरात आधीच एक लढाई जिंकली होती म्हणून.

आणि त्या बाईंना उत्तर. ती मुलगी कुठे गेली हे विचारायचा आपल्याला हक्क नाही. तिचं नाव, गाव आपल्याला कळू नये अशी कायद्यानंच तरतूद केली आहे, आणि ते बरंच आहे. आपण विचारायचं ते इतकंच, की आपल्या घरातली मुलगी उद्या असं काही सांगायला आली, आणि ज्याच्याबद्दल सांगते आहे त्याचा फोटो आपल्या भिंतीवर असला, तर आपण आधी कुणाकडे बघू?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, माईक मागच्या रांगेपासून सुरू करू या.