कुलूप, किल्ली आणि वाऱ्याने हलणारे दार

ॲलर्जीवरील औषधांचे काम समजावताना आपण फळ्यावर हमखास कुलूप काढतो. हिस्टामिन ही किल्ली, पेशीवरील ग्राही प्रथिन हे कुलूप आणि औषध म्हणजे भोकात अडकून बसणारी खोटी किल्ली. चित्र सुटसुटीत आहे. ते कुठवर खरे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

आधी त्याचे श्रेय त्याला देऊ. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या तरी आपण 'पित्त' म्हणतो आणि घशाशी आंबट आले तरी 'पित्त'च. योगायोग असा, की दोन्हींमध्ये हिस्टामिनचा हात असतो. तरीही गांधी शमवणारी जुनी औषधे जठरातील आम्ल कमी करत नसत. किल्ली एकच, पण कुलपे दोन असली पाहिजेत! जेम्स ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये हे दुसरे कुलूप, म्हणजे एच-२ ग्राही, दाखवून दिले. त्या कामातून सिमेटिडिन हे औषध निघाले. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅक यांचा वाटा होता.

आता याच चित्राला एक अडचणीचा प्रश्न विचारू. किल्लीच नसेल, तर खोटी किल्ली काय करील? चित्र म्हणते, काहीच नाही. प्रयोग वेगळे सांगतात. हिस्टामिन नसतानाही हे ग्राही थोडेफार काम करत असतात आणि अनेक औषधे तेही कमी करतात, असे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दिसून आले. एच-२ बाबत १९९६ मध्ये, तर ॲलर्जीशी संबंधित एच-१ बाबत २००० मध्ये. म्हणजे ग्राही हा कुलपासारखा निपचित नसून वाऱ्याने उघडझाप करणाऱ्या दारासारखा आहे. हिस्टामिन ते उघडे धरते. औषध ते लोटून धरते.

शिंका थांबल्या म्हणजे झाले, एवढा कीस कशाला, असे कोणी म्हणेल. रुग्णापुरते ते ठीक आहे. पण कुलपाचे चित्र हेच सत्य म्हणून पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला वरचा प्रश्न कधीच सुचणार नाही. शास्त्रज्ञही ही औषधे केवळ वाट अडवतात असेच कित्येक वर्षे मानत होते.

म्हणून कुलूप पुसू नका. आधी तो प्रश्न मुलांना विचारा, त्यांना अंदाज बांधू द्या आणि मग कुलपाशेजारी दार काढा.