खुलभर दुधाची म्हातारी कुठं जाते?

पदवीच्या मुलांना बारा आठवडे ऑनलाइन शिकवत असलेला 'पुराणकथा आणि कथाकथन' हा अभ्यासक्रम परवा संपला. शेवटचं काम असं होतं : घरात ऐकलेली एक कथा घ्या, ती तुमच्या पद्धतीनं पुन्हा सांगा आणि तिच्याबद्दल चार परिच्छेद लिहा. पाच जणांनी खुलभर दुधाची कहाणी निवडली. त्यांतल्या चौघांच्या कहाणीत म्हातारी प्रवासाला निघाली होती.

ही श्रावणी सोमवारची कहाणी बहुतेकांना माहीत असेल. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे, म्हणून तो गावातलं सगळं दूध देवळात आणवतो. घरोघरी मुलंवासरं उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिनं घरच्यांना खाऊ घातलंय, वासरांना पाजलंय. उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो.

आता मुलांनी काय केलं पाहा. एकाच्या कथेत म्हातारी आधी जायला नकार देते, मग एक साधू भेटून तिची समजूत घालतो. दुसरीत शिपाई तिला वेशीवर अडवतात. तिसरीत वाटेत नदीला पूर आहे. चौथीत ती देवळातून परतते तेव्हा 'तिला स्वतःची ताकद कळलेली असते'. भाषा चांगली होती, प्रसंग रंगवलेले होते. आणि हे सगळं त्यांना मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी जोसेफ कॅम्पबेल शिकवला. त्याचं 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' 1949चं. जगभरच्या पुराणकथांखाली एकच कथा आहे, नायक घर सोडतो, कसोट्यांतून जातो आणि काहीतरी घेऊन परततो, हा त्याचा दावा. त्याच्या मांडणीत सतरा टप्पे होते. क्रिस्टोफर व्होगलर यांनी पटकथालेखकांसाठी त्यांचे बारा केले आणि तेव्हापासून हा तक्ता चित्रपटाच्या प्रत्येक कार्यशाळेत भिंतीवर असतो. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. 'स्टार वॉर्स'ला तो चपखल बसतो. बसणारच, जॉर्ज लुकासनं कॅम्पबेल वाचलेला होता. शिवाय कॉमर्स-इंजिनियरिंगच्या मुलांना हातात धरायला काहीतरी लागतं.

पण खुलभर दुधाच्या कहाणीवर तो तक्ता ठेवला की तिचा अर्थच पुसला जातो. म्हातारीला काही कळायचं बाकी नाही. आधी घरातली तोंडं, मग देव, हे ती जन्मभर करत आलेली आहे. नकार, साधू, पूर यांची तिला गरजच नाही. कळायचंय ते राजाला, आणि तोही कुठं जात नाही. तो पाळत ठेवतो, म्हातारीला पकडतो, ती घाबरून अभय मागते आणि मग सांगते की तुझ्या दुधात मुलांचे, वासरांचे तळतळाट आहेत. राजा ऐकतो. या कहाणीत जे घडतं ते एवढंच : एक बोलते, दुसरा ऐकतो.

आणि ही कहाणी वाचली कुठं जाते? व्रताच्या घरात, पूजेच्या वेळी, अभिषेकाचं दूध समोर असताना. म्हणजे ऐकणारी व्यक्ती बरोबर राजाच्या जागी बसलेली असते! घरातल्या मुलांना दूध मिळालं का, हा प्रश्न तिच्यावरच येतो. व्रताच्या पोटात बसून व्रतावरच इतकी कडक टीका करणारी दुसरी गोष्ट मला पटकन आठवत नाही. तिला नायिकेची शौर्यकथा केली की ऐकणारा सुटतो, टाळ्या वाजवतो आणि दूध ओततो.

ऐकणाऱ्याची ही जागा आपल्या कहाण्यांनी नीट जपलेली आहे. आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर कहाणी सांगण्यासाठी उपाशी माणूस शोधत हिंडावं लागतं. सहा मोती असतात. तीन सांगणारीनं घ्यायचे, तीन ऐकणाऱ्याला द्यायचे. निम्मेनिम्मे. महाभारतही तसंच रचलेलं आहे : वैशंपायन जनमेजयाला सांगतो ते सर्पसत्राच्या मधल्या वेळात, यज्ञ पेटलेला असताना. ज्याच्या घराण्याच्या सूडाची ही कथा, तोच सूडाला बसलेला आहे. यज्ञ थांबतो तो आस्तिकाला दिलेल्या वरामुळे; कथा ऐकून राजा बदलला असा सोपा शेवट व्यास करत नाहीत.

नवव्या आठवड्यात मी राणूबाईची कहाणी वाचून दाखवली. स्क्रीनवर काळे चौकोन, सगळ्यांचे माइक बंद, कुणाचा हुंकार नाही. मी घाईत मोती पाच म्हणालो. मिनिटभरानं चॅटमध्ये एका मुलाचा मेसेज आला : 'सर, आई म्हणते सहा.' बारा आठवड्यांत मला मिळालेला तो एकमेव खरा हुंकार, आणि तो प्रवेश न घेतलेल्या बाईचा.

राहिली पाचवी मुलगी. तिनं काही रचलंच नाही. आजीला कहाणी सांगायला लावली आणि फोनवर रेकॉर्ड केली. मध्ये कुकरची शिट्टी आहे, कुणीतरी 'हं' म्हणतंय, आणि गाभारा भरत नाही तिथं आजी थांबून विचारते, 'धाकटा जेवला का गं?' खाली एकच परिच्छेद : आजी दर वर्षी याच जागी थांबते, मी आजवर ते विसरभोळेपण समजत होते.

माझ्या गुणपत्रकात 'नायकाचा बदल' याला पाच आणि 'अडथळे व संघर्ष' याला पाच गुण होते. तिथं तिला शून्य. वीसपैकी आठ गुण देऊन मी पुढच्या फाइलकडे वळलो होतो. तिनं तक्रार केली नाही. काल ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. गुण बदलायचा एक फॉर्म असतो, त्यात कारणाचा रकाना आहे. मी लिहिलं : 'निकष चुकले, परीक्षकाचे.' ऑफिसातून फोन आला, असं कारण यादीत नाही, बेरजेची चूक लिहू का? नको म्हणालो. फॉर्म सध्या तिथंच आहे.