बोलणारा संगणक मुका झाला तर

संगणकाच्या आज्ञावलीचे परीक्षण करताना ती सुरळीत चालू असताना काय काय करते, एवढेच बहुधा पाहिले जाते. स्क्रीन रीडरच्या बाबतीत आम्हांला ही कसोटी अपुरी वाटते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही आज्ञावली बिघडली, की बिघाडाचा संदेशही पडद्यावरच उमटतो आणि तो वाचायला तीच हवी असते. प्रयोगशाळेत एका मापकाबद्दल शंका आली तर आपण दुसरा मापक लावतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घरी एकट्या असलेल्या अंध विद्यार्थ्याने काय लावायचे?

या दृष्टीने आम्ही एनव्हीडीए ही आज्ञावली पाहिली. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये ती लिहायला घेतली. ती विनामूल्य मिळते. ती अडकली तर कंट्रोल, आल्ट आणि एन या कळा एकत्र दाबाव्यात. ती नव्याने सुरू होते, माउस लागत नाही. वरून जोडलेल्या पुरवण्यांचा संशय असेल तर त्या सगळ्या बाजूला ठेवूनही ती सुरू करता येते. एकेक घटक वगळून दोष शोधायचा, ही आपल्या ओळखीचीच पद्धत.

दुसरा मापक विंडोजमध्येच आहे. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबले की नॅरेटर बोलू लागतो. तो बोलला, म्हणजे स्पीकर ठीक आहे. दोष एनव्हीडीएत किंवा तिच्या सेटिंगमध्ये. दोघेही गप्प असतील तर दोष बहुधा ध्वनीच्या वाटेवर आहे. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज कधी कधी आवाज तिकडे वळवते, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो!

आमची तक्रार एका कळीबद्दल आहे. इन्सर्ट आणि एस एकत्र दाबले की बोलण्याची तऱ्हा बदलते. बोलणे पूर्ण बंदही होते. चुकून बोट पडले की नवख्याला वाटते, आज्ञावलीच बिघडली. तेच पुन्हा दाबत राहिल्यास आवाज परत येतो, पण हे त्या मुक्या क्षणी त्याला कोण सांगणार? अलीकडच्या आवृत्तीत हा 'बंद' पर्याय वगळता येतो. तो मुळातच वगळलेला असायला हवा होता.

आणखी एक बिघाड मात्र आज्ञावलीचा नाही, आपल्या शिक्षकमंडळींचा आहे. क्रुती देवसारख्या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरे व चिन्हे. स्क्रीन रीडर तीच वाचतो. आज्ञावली दहा वेळा नव्याने बसवली तरी फरक पडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. हे तपासणे सोपे आहे. तो मजकूर नोटपॅडमध्ये नेऊन चिकटवावा. तेथे रोमन अक्षरांची गिचमिड दिसली, तर विद्यार्थ्याच्या संगणकात काहीही बिघडलेले नाही.