माळ्यावरचा नाच

माळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या ट्रंका, मोडका पाळणा आणि गणपतीचे मखर उभे राहते. न्यूयॉर्कमध्ये मात्र जुन्या गुदामांचे नि कारखान्यांचे वरचे मजले कलावंत राहायला आणि कामाला घेत. तेही माळेच म्हणायचे, फक्त ऐसपैस. चेंबर्स स्ट्रीटवरील ११२ क्रमांकाच्या इमारतीत योको ओनो या जपानी कलावतीचा असा एक माळा होता. तिथे मे १९६१ मध्ये सिमोन फॉर्टी या तरुण नर्तकीने आपले प्रयोग केले. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ ‘पाच नृत्य-बांधण्या आणि आणखी काही गोष्टी’ असा होता. मला सुताराचे दुकान आठवले, आणि ते अगदीच चूक नव्हते.

रंगमंच नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत. नाच खोलीत निरनिराळ्या जागी मांडलेले; प्रदर्शनात फिरावे तसे प्रेक्षकांनी भोवती फिरून पाहायचे. एके ठिकाणी सुमारे आठ फूट लांबरुंद लाकडी उतरण, तिच्या माथ्याला गाठी मारलेले दोर. तीन-चार जणांनी दोर धरून तिच्यावर वरखाली, आडवे सरकायचे. दमल्यास दोराच्या आधाराने विसावायचे, पण खाली उतरायचे नाही. ताल नाही, मुद्रा नाही, घुंगरू नाहीत.

याला नृत्य म्हणायचे का? त्या संध्याकाळी मी अर्थातच नव्हते. माझा जन्मही झाला नव्हता. पुढच्या काळातल्या प्रयोगांची चित्रफीत पाहिली तेव्हा पहिली पाच मिनिटे माझे उत्तर ‘नाही’ असेच होते. ते बदलले सासूबाईंमुळे. पडद्यावर सहा-सात माणसे एकमेकांच्या खांद्याकमरेला विळखा घालून, गुडघे वाकवून, घट्ट गोळा झालेली होती. त्यांतली एक बाई सुटली, इतरांच्या मांड्यांवर, पाठींवर पाय देत वर चढली, पलीकडे उतरली आणि पुन्हा गोळ्यात मिसळली. मग दुसरा चढू लागला. त्यांचा क्रम ठरलेला नसतो. सासूबाई एकदम म्हणाल्या, “अगं बाई, खालचा हलतोय! धरा ना त्याला!” भरतनाट्यम् पाहताना त्या असे कधी ओरडल्या नाहीत. तिथला तोल वर्षानुवर्षे कमावलेला, तो जाणार नाही याची आपल्याला खात्री असते. इथे वजन खरे, थकवा खरा, आणि दोन्ही लपवायची कुणाला गरज वाटत नाही.

गोविंदांची आठवण होतेच. पण आपले थर वरच्या हंडीसाठी लागतात. इथे वर काहीच टांगलेले नाही. चढणारा शिखरावर मिरवत नाही, खाली येऊन दुसऱ्याचा भार घेतो. तेवढ्यासाठी मी याला नृत्य म्हणायला तयार झाले.

न्यूयॉर्कला आल्यावर फॉर्टीने लहान मुलांच्या शाळेत नोकरी केली होती. मार्था ग्रॅहमच्या वर्गात पोट आत ओढून धरायला सांगत, ते तिने मानले नाही. मला हे वाचून हसू आले. मधल्या सुट्टीत पोट आत ओढून खेळणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

सगळेच साधले आहे असे नाही. एका प्रयोगात एकाला जमिनीवर पडून राहायला सांगितलेले, आणि दुसऱ्याला त्याला भिंतीला बांधायला! ही मला खोडी वाटते, वर्गात असती तर मी दोघांनाही बाहेर उभे केले असते. दोन लाकडी खोक्यांखाली लपलेले स्त्री-पुरुष एकमेकांना हलक्या शिट्ट्या घालतात, तो नाच मात्र नाजूक असणार. पण चित्रफितीत श्वासाची ती ये-जा ऐकू येत नाही. त्यासाठी तो माळाच हवा होता.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने या बांधण्या आपल्या संग्रहात घेतल्या. फळ्या-दोर कोठीत ठेवता येतात. चढायचे कसे आणि पाठ कशी द्यायची, हे मात्र जाणत्याने शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते.