चौथे तिकीट

किशोरी आमोणकरांच्या गाण्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात भर घालण्याएवढे माझे ज्ञान नाही आणि तशी हौसही नाही. मला लिहायचे आहे ते त्यांचे गाणे ऐकायला गेलेल्या आम्हां चौघांविषयी. आणि त्यातही, त्यांचा सर्वांत मोठा भक्त म्हणवून घेणारा मी तेवढा त्या संध्याकाळी बहिरा कसा ठरलो, याविषयी.

गोष्ट जुनी आहे. पुण्याला एका नाट्यगृहात किशोरीताईंचे गाणे होते. आम्ही तालुक्याच्या गावची माणसे. महिनाभर आधी चार तिकिटे मागवून ठेवली होती, अर्थातच शेवटच्या रांगांमधली. एक माझे, एक आमच्या पोस्टातल्या तबलजी मित्राचे, एक गावातल्या पेटीवाल्या बुवांचे. चौथ्या तिकिटाचे मालक आदल्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळले. तिकीट फुकट जायला नको, म्हणून आम्ही आमच्या किराणा दुकानदार शेठना गळ घातली. शेठना रागाचे नाव एकही ठाऊक नव्हते. "पुण्याला यायचंच होतं, दिवाळीचा थोडा माल बघायचा होता," असे म्हणून ते यष्टीत बसले. वाटेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी त्यांना भूप रागावर व्याख्यानच दिले. ते ऐकून घेत होते, पण त्यांचे लक्ष चटणीत जास्त असावे.

भूपावर मी का बोललो, तेही सांगतो. किशोरीताईंची भूपाची ध्वनिमुद्रिका माझ्या घरात वर्षानुवर्षे वाजत आली आहे. तिच्यातली 'सहेला रे' ही द्रुत चीज तर गाणे न समजणाऱ्या घरांतूनही पोचली. मला ती सगळी मुद्रिका तोंडपाठ होती. गांधारावर आवाज किती वेळ थांबतो, तान कुठून उचलली जाते, सम कशी येते, सारे काही. आणि त्या संध्याकाळी, योग म्हणा, त्यांनी भूपच गायला घेतला.

तानपुरे बराच वेळ लागत होते. स्वरमंडळावर त्यांची बोटे फिरत, थांबत, एखादी तार पुन्हा जुळवीत. मग षड्ज लागला. मी डोळे मिटले आणि माझ्या मनातली मुद्रिका सुरू केली.

तिथेच चुकले. वर्गात एखादा मुलगा कविता म्हणू लागला की पुढची ओळ मास्तरांच्या ओठांवर तयार असते. मुलगा काय म्हणतो हे ते ऐकतच नाहीत. तो कुठे चुकतो, एवढेच ऐकतात. पहिला अर्धा तास मी नेमके हेच केले. इथे गांधार यायला हवा होता, आला नाही. इथे पंचमावरून वर जायला हवे होते, त्या खालीच वळल्या. माझा हिरमोड झाला. हा 'आपला' भूप नव्हे, असे मी शेजारी पुटपुटलोसुद्धा!

मध्यंतरात चहाच्या कपाभोवती आमची सभा भरली. तबलजी मित्राची तक्रार निराळी होती. तिच्यात तथ्य होते, म्हणून ती नीट नोंदवतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या (१८५५–१९४६) जयपूर-अत्रौली घराण्याचे वैभव तालाशी असलेल्या घट्ट मिठीत आहे. स्वर आणि मात्रा तिथे एकमेकांत विणलेले असतात. खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचे गाणे या विणकामाचा आदर्श. त्यांच्याच या कन्येने मात्र लय संथ केली, आलाप मोकळा केला. "ठेका धरून बसायचं आणि सम येईल तेव्हा येईल म्हणायचं!" तबलजी म्हणाले. बुवांचा आक्षेप याहून सूक्ष्म होता. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण षड्जावरून धैवतावर, पंचमावरून गांधारावर अशी संथ मींड घेऊ लागले की ते वर्ज्य स्वर वाटेत उभे असतात. त्यांना जरा जास्त ओळख दाखवली की भूपाचा शुद्धकल्याण व्हायला वेळ लागत नाही. "धोक्याच्या वाटेनं चालल्यात," बुवा म्हणाले. त्यांच्या स्वरात काळजी होती की कौतुक, हे मला तेव्हा कळले नाही.

शेठ गप्प होते. "तुम्हांला कंटाळा आला असेल," मी म्हणालो.

"कंटाळा कशाचा, मास्तर? माझ्या वडिलांचा तराजू आठवला. आता दुकानात बटणाचा काटा आहे, आकडा लगेच दिसतो. पण जुन्या काट्यावर सोनाराला बघितलंय का? गुंजभर इकडं, गुंजभर तिकडं. काटा हलत राहतो. आणि तो थांबायच्या आधी गिऱ्हाईकाचा श्वास थांबतो. या बाई त्या एका सुरावर तसंच करत होत्या. तुम्ही मधेच बोललात, तेव्हा काटा थांबायलाच आला होता."

मी काही उत्तर दिले नाही. उत्तरार्धात मात्र डोळे उघडे ठेवून बसलो.

शेठच्या तराजूने मला जे दाखवले, ते माझ्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर आहेत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. भूपाचा जीव गांधारात, देसकाराचा धैवतात. म्हणजे सामान तेच. वजन कुठे पडते, यावर सारे अवलंबून. हे वजन कागदावर लिहिता येत नाही, ते प्रत्येक वेळी गळ्याने नव्याने तोलावे लागते. किशोरीताईंनी 'स्वरार्थरमणी' हा ग्रंथ लिहून रागाचा आणि रसाचा संबंध उलगडण्याचा जो ध्यास घेतला, तो मला याच तोलाचा ध्यास वाटतो. संथ लय त्यांनी सोपी म्हणून घेतलेली नाही. वजन करणाऱ्याला घाई करून चालत नाही, म्हणून घेतली. त्यात घराण्याचे काही हरवले हे खरेच. तबलजींची तक्रार मी आजही खोडून काढू शकत नाही. मोगूबाईंच्या गाण्यात सम जवळ येताना जो एक ताठ, आनंदी ताण उभा राहतो, तो लेकीच्या विलंबित गाण्यात विरळ होतो. पण ही किंमत देऊन काय घेतले, ते न पाहता नुसती किंमतच सांगणे हा काही न्याय नव्हे.

आणि ध्वनिमुद्रिकेचे काय? दीर्घ ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. तेवढ्यात राग मांडायचा तर तोलणे आधीच उरकून यावे लागते. श्रोत्याच्या हाती थांबलेला काटा पडतो. त्या मुद्रिकेने मला भूप दिला, हे ऋण मोठे आहे. पण तिच्यावर प्रेम करता करता मी असे धरून चालू लागलो की, भूप म्हणजे हाच आकडा. आवडता कलावंत असण्यात हा धोका आहे. आपण त्याला ऐकायला जात नाही, आपली आठवण बरोबर निघाली की नाही, हे ताडून पाहायला जातो. शेठजवळ ताडून पाहायला काहीच नव्हते. म्हणून त्यांना गाणे ऐकू आले.

परतीच्या यष्टीत आम्ही पहाटेपर्यंत भांडलो. चौघांनी एकाच सभागृहात चार मैफली ऐकल्या होत्या आणि प्रत्येकाला दुसऱ्याची थोडीथोडी हवी होती. संगीतसमीक्षा म्हणतात ती बहुधा अशाच भांडणातून जन्माला आली असावी. एकट्याने ऐकले असते, तर मी 'आज ताईंचा सूर लागला नाही' असे ठरवून मोकळा झालो असतो आणि जन्मभर तेच सांगत फिरलो असतो.

३ एप्रिल २०१७ रोजी किशोरीताई गेल्या. आता आपल्याजवळ मुद्रिकाच आहेत. पुष्कळ आहेत, हे भाग्यच. त्यांत मैफलींची ध्वनिमुद्रणेही आहेत, आणि त्यांतून तो हलता काटा अजून ऐकू येतो. मात्र तो ऐकायचा तर पाठांतर बाजूला ठेवावे लागते.

मला ते एकट्याला जमत नाही. म्हणून दर दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी, दिवे लावून झाले की शेठ दुकानातले वहीपूजन उरकून आमच्याकडे येतात. तबलजी आणि बुवा असतातच. फराळाचे ताट मधे ठेवून आम्ही भूप लावतो. तबलजी अजून समेची वाट पाहत कुरकुरतात. मी काही बोलायला तोंड उघडले की शेठ हातातली चकली वर धरतात. म्हणजे, थांबा, मास्तर, काटा अजून हलतो आहे.