'एका कोळियाने' : धैर्य, स्पर्धा आणि पराभवाचा अर्थ

प्रास्ताविक :

साहित्यात धैर्याचे चित्रण करताना लेखक बहुधा नायकासमोर एखादा बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा करतो. प्रतिस्पर्धी जितका भयंकर तितके नायकाचे धैर्य मोठे आणि अखेरचा विजय हा त्या धैर्याचा पुरावा, असे हे सर्वपरिचित समीकरण आहे. सागरी साहसाच्या कथांत तर वादळ, एकाकीपणा आणि शार्कसारखे हिंस्र जलचर हे सारेच नायकाचे वैरी म्हणून हजर असतात. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही लघुकादंबरी या समीकरणाला छेद देते. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या या कृतीला १९५३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ साली हेमिंग्वे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने तिचा मराठी अनुवाद केला. मराठी वाचकाला ही कथा प्रामुख्याने या अनुवादामुळेच आपलीशी झाली.

या कथेचा उल्लेख वर्गात वा व्याख्यानात होतो तेव्हा 'जिद्द असेल तर यश मिळतेच' अशा आशयाचे तात्पर्य तिला सर्रास जोडले जाते. हे तात्पर्य मूळ कथेला कितपत मानवते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कथेतील स्पर्धेचे स्वरूप काय, धैर्याचा स्पर्धेशी संबंध कोणता आणि मराठी शीर्षक या संबंधावर कसा प्रकाश टाकते, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

कथेतील स्पर्धेचे स्वरूप :

कथानक साधे आहे. क्यूबाच्या किनाऱ्यावरील सांतियागो या वृद्ध कोळ्याला चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा मिळालेला नाही. पहिले चाळीस दिवस मानोलिन हा मुलगा त्याच्या सोबत होता. पुढे आईवडिलांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठविले. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटाच नेहमीपेक्षा फार दूर जातो. त्याच्या गळाला एक प्रचंड मार्लिन मासा लागतो आणि तो होडीसह म्हाताऱ्याला ओढत नेतो. दीर्घ झुंजीनंतर तो मासा मारला जातो. परंतु परतीच्या वाटेवर शार्क त्याचे सारे मांस खाऊन टाकतात. किनाऱ्याला लागतो तो केवळ अठरा फुटांचा सांगाडा.

या कथेत प्रतिस्पर्धी एकच नाही. बारकाईने पाहता स्पर्धेच्या तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी मार्लिनची. म्हातारा या माशाला मारण्याचा निश्चय करतो, पण त्याचा द्वेष करीत नाही. तो त्याला भाऊ मानतो, त्याच्या सहनशक्तीचे कौतुक करतो, आणि याला खाण्याची योग्यता असलेली माणसे तरी आहेत का, असा प्रश्न स्वतःला विचारतो. ही दोन तुल्यबळांची झुंज आहे आणि झुंज लांबत जाते तसतसे वैर कमी होऊन आप्तभाव वाढत जातो.

दुसरी पायरी माको शार्कची. हा पहिला शार्क येतो तेव्हा म्हातारा त्याला हार्पूनने ठार करतो. तत्पूर्वी त्याने सुमारे चाळीस पौंड मांस तोडलेले असते. तरीही म्हातारा त्याचे सौंदर्य आणि निर्भयता मान्य करतो. माको मेलेल्याच्या मागे लागणारा नाही. म्हाताऱ्याप्रमाणेच तोही जिवंत माशांवर जगतो. येथे शत्रुत्व आहे, पण तिरस्कार नाही.

तिसरी पायरी गॅलानो शार्कची. हे झुंडीने येणारे, मेलेल्यावर तुटून पडणारे मासे आहेत. त्यांच्याविषयी म्हाताऱ्याच्या मनात उघड घृणा आहे. त्यांच्याशी लढताना वल्ह्याला बांधलेला सुरा मोडतो, मग सोटा येतो, अखेर सुकाणूचा दांडाही तो वापरतो. हत्यारे एकेक करून संपत जातात आणि मासा वाचणार नाही, हे स्पष्ट झाल्यावरही म्हाताऱ्याचे हात थांबत नाहीत.

या तीन पायऱ्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. जेथे प्रतिस्पर्धी मोठा आहे तेथे विजय मिळतो. जेथे प्रतिस्पर्धी क्षुद्र आहे तेथे पराभव होतो. साहसकथेच्या रूढ रचनेत नेमके उलटे घडले असते. हेमिंग्वे यांनी सर्वांत मोठी कसोटी सर्वांत कमी गौरवास्पद लढाईत ठेवली आहे.

स्पर्धेकडे पाठ फिरविणारा नायक :

सांतियागोच्या पूर्वायुष्यातील एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. तरुणपणी कासाब्लांका येथील एका गुत्त्यात सिएनफ्वेगोसच्या एका बलदंड गोदी-कामगाराशी त्याने पंजा लढविला होता. ती लढत एक दिवस आणि एक रात्र चालली. दोघांच्याही नखांतून रक्त आले. सांतियागो जिंकला आणि लोक त्याला विजेता म्हणून ओळखू लागले. हा प्रसंग नायकाच्या शौर्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. मात्र त्याच्या पुढचा भाग बहुधा सुटतो. काही लढतींनंतर सांतियागोने पंजा लढविणे स्वतःहून सोडले, कारण त्यामुळे मासेमारीच्या उजव्या हाताला अपाय होईल असे त्याला वाटले. म्हणजेच हातातली ताकद कामासाठी राखावी म्हणून त्याने स्पर्धेचा त्याग केला. त्याच्या मूल्यव्यवस्थेत काम वरचे आणि चढाओढ खालची आहे.

समुद्राकडे पाहण्याच्या दृष्टीतही हाच भेद दिसतो. स्पॅनिश भाषेत समुद्र हा शब्द स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी असा दोन्ही प्रकारे योजता येतो. म्हातारा समुद्राला स्त्रीलिंगी संबोधतो. ती देते किंवा राखून ठेवते, अशी त्याची भावना आहे. तरुण कोळ्यांपैकी काही मात्र त्याला पुल्लिंगी संबोधून प्रतिस्पर्धी किंवा शत्रू मानतात. या तरुणांच्या मोटारबोटी शार्कच्या यकृताला चांगला भाव आला त्या काळातील पैशातून घेतलेल्या आहेत, असा तपशील लेखक सहज नोंदवून जातो. या तपशिलामुळे समुद्राला शत्रू मानण्याची वृत्ती आणि बाजाराची चढाओढ एकमेकींना जोडल्या जातात. शार्कलाही येथे केवळ खलनायकाची भूमिका नाही. गावात शार्कवर प्रक्रिया करणारा कारखाना आहे आणि म्हातारा स्वतः रोज शार्कच्या यकृताचे तेल पितो. कोकणात मुशी किंवा मोरी म्हणून बाजारात येणारा लहान शार्क जसा तेथील लोकांच्या ताटातला पदार्थ आहे, तसाच हाही व्यवहाराचा भाग आहे.

मराठीत समुद्र, सागर, दर्या हे सारेच शब्द पुल्लिंगी आहेत. त्यामुळे हा भेद व्याकरणाच्या आधारे मराठीत आणणे कोणाही अनुवादकाला कठीण आहे. खानदेशातील वाचकाला मात्र तो दुसऱ्या वाटेने उमगू शकतो. येथील माणूस समुद्रापासून दूर असला तरी तापीला माय म्हणतो. देणारी आणि कधी न देणारी, तरीही शत्रू नसलेली, हे नाते त्याच्या परिचयाचे आहे.

प्रत्यक्षातील सागरी स्पर्धा :

हेमिंग्वे यांनी रंगविलेला हा भेद केवळ कल्पनेतला नाही. १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'गोल्डन ग्लोब' शर्यत झाली. नऊ जण निघाले आणि एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. वाटेत नौकेच्या तळाची दुरुस्ती करताना भोवती घिरट्या घालणारा शार्क त्याला गोळी घालून मारावा लागला होता. याच शर्यतीतील बर्नार्ड म्वातेसिए जिंकण्याची शक्यता असताना शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला. डोनाल्ड क्रोहर्स्ट याने आपल्या प्रवासाची खोटी माहिती कळविली आणि जुलै १९६९ मध्ये त्याची नौका रिकामी आढळली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. क्रोहर्स्टला समुद्रापेक्षा स्पर्धेनेच अधिक ग्रासले, असे म्हणता येते. विजेत्याचे मोठेपण स्पर्धा संपल्यानंतरच्या कृतीत अधिक दिसले.

पुढे भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी आपल्या मोहिमेच्या तयारीत याच नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन घेतले. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांवर थांबत १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी कोणीच नव्हता. तरीही त्या प्रवासाला लागलेले धैर्य तसूभरही कमी नव्हते. प्रतिस्पर्धी ही धैर्याची पूर्वअट नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मराठी शीर्षकाची व्यंजना :

मूळ शीर्षकात म्हातारा आहे आणि समुद्र आहे. मराठी शीर्षकात दोन्ही नाहीत. 'एका कोळियाने' हे शब्द मराठी वाचकाला शालेय पाठ्यपुस्तकातील एका जुन्या कवितेकडे नेतात. त्या कवितेतील कोळी हा जाळे विणणारा जीव आहे. तो वर चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. मासे धरणारा आणि जाळे विणणारा अशा दोघांनाही मराठीत कोळी हा एकच शब्द आहे. या श्लेषामुळे पु. लं.नी परदेशी कथेला एका शब्दात मराठी बालपणाशी जोडले. अनुवादाची ही मोठी कमाई आहे.

मात्र येथेच एक धोका संभवतो. कवितेतील कोळ्याच्या चिकाटीला शेवटी यश येते आणि यत्न सोडू नये हा बोध त्या यशावर उभा राहतो. सांतियागोची चिकाटी सांगाड्यापाशी येऊन थांबते. कवितेचे तात्पर्य कथेवर लादले तर शार्कचा संपूर्ण भाग अनावश्यक ठरेल. मासा मारला तेथेच कथा संपायला हवी होती. परंतु हेमिंग्वे यांची कथा खऱ्या अर्थाने तेथून पुढे सुरू होते. मासा मारल्यानंतर म्हातारा त्याचे वजन दीड हजार पौंडांहून अधिक धरून, तीस सेंट पौंड या दराने हिशेब करीत होता. शार्कनी तो हिशेब पुसून टाकल्यावर जे उरते, तेच लेखकाला दाखवायचे आहे.

म्हणून हे शीर्षक कवितेची आठवण देते आणि तिच्या बोधाला प्रश्नही विचारते, असे वाचणे अधिक योग्य ठरते. येथील कोळीही पुन्हा पुन्हा चढतो; पण वर पोहोचण्याची हमी काढून घेतलेली आहे. शिवाय हा नायक निर्दोष नाही. आपण फार दूर गेलो, त्यामुळे माशाचे आणि आपलेही नुकसान झाले, असे तो स्वतःच मान्य करतो. स्वतःची चूक ओळखणे हाही त्याच्या धैर्याचाच भाग आहे.

खानदेशातील वाचक आणि ही कथा :

ज्या वर्षी हेमिंग्वे यांची ही कथा प्रसिद्ध झाली त्याच १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रकाशित झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आणि क्यूबाचा कोळी यांच्यात कोणताही प्रत्यक्ष दुवा नाही. मात्र श्रमाचे क्षेत्र, मग ती जमीन असो वा समुद्र, शत्रू न मानता आप्त मानण्याची दृष्टी दोन्हीकडे आढळते.

बोदवडसारख्या कोरडवाहू भागातील कपाशी किंवा रावेर-यावल पट्ट्यातील केळी पाऊस वा वादळाने एका रात्रीत जाते, तेव्हा हातातोंडाशी आलेला घास हिरावणे म्हणजे काय, हे येथील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. अशा विद्यार्थ्याला 'जिद्द असेल तर यश मिळतेच' असे सांगणे म्हणजे ज्याचे पीक गेले त्याची जिद्द कमी पडली, असे सुचविणे होय. मूळ कथा असे कोठेही म्हणत नाही. हानी झालेल्या माणसाची योग्यता त्या हानीवरून ठरत नाही, असे ती सांगते. कथेच्या अखेरीस एक पर्यटक स्त्री तो सांगाडा पाहून वेटरला विचारते. घडले ते सांगताना तो शार्कचे नाव घेतो आणि तिला तो सांगाडाच शार्कचा वाटतो. दुरून पाहणाऱ्याला लुटणारा आणि लुटला गेलेला यांतला फरक कळत नाही. किनाऱ्यावरचे कोळी मात्र सांगाड्याची लांबी मोजतात आणि मुलगा म्हाताऱ्याचे हात पाहून रडतो. कथेचे खरे वाचन त्या मुलाने केले आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'एका कोळियाने' या कृतीत स्पर्धा हे धैर्य दृश्यमान करण्याचे साधन आहे. ती धैर्याचे मूळ नाही.

२. मार्लिन, माको आणि गॅलानो या तीन पायऱ्यांतून लेखक वैराचे तीन भिन्न प्रकार दाखवितो आणि सर्वांत मोठी कसोटी निष्फळ लढाईत ठेवतो.

३. मराठी शीर्षक जुन्या कवितेतील यशाचा बोध जागवते. त्या बोधाच्या मर्यादेचे भान ठेवून कथा वाचणे आवश्यक आहे.

४. पराभवातही माणसाची प्रतिष्ठा अबाधित राहते, हा या कथेचा गाभा असून शेतीच्या अनिश्चिततेत जगणाऱ्या वाचकाला तो अधिक जवळचा आहे. अध्यापनात यशाच्या तात्पर्याऐवजी या गाभ्यावर भर दिला गेल्यास कृतीला न्याय मिळेल.