'नेहमीचेच अज्ञात' : एका चौर्यपटातील बोलींचा विचार

१

वृत्तपत्रीय भाषेतील काही शब्दयोग इतके रूढ होऊन बसलेले असतात की, त्यांत दडलेला अर्थ वाचकाच्या ध्यानीही येत नाही. 'अज्ञात चोरट्यांनी' हा आपल्याकडील असाच एक शब्दयोग होय. घरफोडीची बातमी या शब्दांनी सुरू होते आणि पुष्कळदा त्यांच्यापाशीच संपते. इटलीतील पोलीस आणि वृत्तपत्रे यांच्या भाषेत याच प्रसंगी 'सोलिती इन्योती' असा प्रयोग करतात. त्याचा शब्दशः अर्थ 'नेहमीचे अज्ञात'. जे अज्ञात आहेत ते नेहमीचे कसे, आणि जे नेहमीचे आहेत ते अज्ञात कसे, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मारिओ मोनिचेल्ली या दिग्दर्शकाने १९५८ मध्ये आपल्या चित्रपटास 'इ सोलिती इन्योती' हेच नाव दिले व तो प्रश्न विचारला. इंग्रजी भाषिक जगात हा चित्रपट 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' या नावाने गेला. या नामांतरात एका रस्त्याचे नाव आले आणि मूळ प्रश्न मात्र गळून पडला.

हा चित्रपट म्हणजे ज्यूल्स दासँ यांच्या 'रिफिफी' (१९५५) या फ्रेंच चौर्यपटाचे विडंबन होय, असे सामान्यतः म्हटले जाते. हे म्हणणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या चित्रपटाचा खरा विषय चोरी हा नसून भाषा हा आहे. समान भाषा नसलेली चार-पाच माणसे एक समान भाषा मिळवू पाहतात आणि शेवटी प्रमाणभाषा त्यांना पुन्हा निनावी करून सोडते, असे त्याचे सूत्र आहे.

२

कथानक थोडक्यात सांगावयास हवे. मोटार चोरताना पकडला गेलेला कोसिमो तुरुंगात आहे. एका गहाणवटीच्या पेढीच्या तिजोरीपर्यंत पोहोचण्याची युक्ती त्याला तेथे एका गवंड्याकडून समजली आहे. शेजारच्या रिकाम्या घराची एक भिंत फोडली की काम झाले. त्याला बाहेर पडावयाचे असल्याने, त्याच्याऐवजी गुन्हा कबूल करील असा कोरा माणूस हवा आहे. मुष्टियुद्धात अपयशी ठरलेला पेप्पे पैसे घेऊन त्या कामास तयार होतो. न्यायाधीश फसत नाही. दोघेही तुरुंगात राहतात. पण पेप्पे मोठी शिक्षा झाल्याचा बहाणा करून कोसिमोकडून ती युक्ती काढून घेतो आणि बाहेर येऊन स्वतःची टोळी उभी करतो. पत्नी तुरुंगात असल्यामुळे तान्ह्या मुलास सांभाळणारा छायाचित्रकार तिबेरिओ, अनाथालयात वाढलेला मारिओ, बहिणीस कुलूपबंद ठेवणारा सिसिलीचा फेरिबोत्ते आणि सदैव भुकेला म्हातारा कापान्नेल्ले, ही ती टोळी. रिकामे म्हणून समजलेले घर रिकामे नसते. तेथे दोन वृद्ध अविवाहित स्त्रिया व त्यांची मोलकरीण निकोलेत्ता राहत असतात. अखेरीस रात्री भिंत फोडली जाते, परंतु ती भलतीच निघते. घरातील सामानाची मांडणी बदललेली असते, आणि भोकातून दिसते ते त्याच घराचे स्वयंपाकघर. तेथे मिळालेले हरभरे घातलेले पास्ता खाऊन ही मंडळी पहाटे आपापल्या वाटेने निघून जातात.

सूझो चेक्की दामिको, आजे व स्कार्पेल्ली ही लेखकद्वयी आणि स्वतः मोनिचेल्ली यांनी पटकथा लिहिली. इतालो काल्व्हिनो यांच्या, मिठाईच्या दुकानात शिरलेल्या चोरांच्या कथेशी तिचे दूरचे नाते आहे. चोरी करावयास गेलेली माणसे खाण्यात रमतात, हा त्या नात्याचा मुख्य धागा. उत्कृष्ट परभाषीय चित्रपटासाठी असलेल्या ऑस्कर पारितोषिकाकरिता त्याचे नामांकन झाले होते, आणि इटालियन सुखात्मिकेच्या एका संपूर्ण परंपरेचा आरंभ त्यापासून मानला जातो.

३

'रिफिफी'तील दरोड्याचा प्रसंग सुमारे अर्धा तास चालतो व त्यात एकही संवाद नाही. तेथील चोर व्यावसायिक आहेत. त्यांना बोलण्याची गरजच पडत नाही. मोनिचेल्ली यांच्या चोरांना मात्र गप्प राहता येत नाही. नळ फुटतो, जमीन खचते, आणि प्रत्येक अपघातासरशी ते बोलतात, भांडतात, एकमेकांस दोष देतात. तेथे मौन ही कौशल्याची भाषा आहे. येथे ती भाषा कोणालाच अवगत नाही.

मग यांची भाषा कोणती? १८६१ मध्ये इटलीचे राजकीय एकीकरण झाले त्या वेळी तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे शेकडा अडीच लोकांनाच इटालियन भाषा खऱ्या अर्थाने येत होती. पुढे काही अभ्यासकांनी हा आकडा वाढवून सांगितला. तथापि बहुसंख्य जनता आपापल्या बोलीत जगत होती, याविषयी दुमत नाही. दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण १९५४ मध्ये सुरू झाले. हा चित्रपट त्यानंतर चारच वर्षांनी आला. म्हणजे राष्ट्रभाषा घराघरांत शिरू लागलेली असतानाच, पोटासाठी रोममध्ये गोळा झालेल्या माणसांच्या तोंडी अद्याप गावाकडची बोली होती. तो क्षण या चित्रपटाने टिपला आहे.

पात्रांची नावेच पाहावीत. पेप्पेचे टोपणनाव 'एर पान्तेरा'. 'एर' हे रोमच्या बोलीतील पुल्लिंगी उपपद, तर 'पान्तेरा' (बिबट्या) हे नाम इटालियनमध्ये स्त्रीलिंगी. व्याकरणाचे लिंग बाजूस सारून व्यक्तीचे लिंग उपपदाने सांगितले आहे. टोपणनावांतच असे धारिष्ट्य संभवते. फेरिबोत्ते हे नाव तर भाषाशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावे असे आहे. मेस्सिनाच्या सामुद्रधुनीतून माणसे व आगगाड्या पलीकडे नेणाऱ्या 'फेरी-बोटी'चे इंग्रजी नाव सिसिलीच्या उच्चारात शिरले, अंत्य स्वर घेऊन स्थिरावले आणि त्याचे एका माणसाचे नाव झाले. सिसिलीहून रोमला येण्याचा सारा प्रवास त्या एका शब्दात सामावला आहे. कापान्नेल्ले हे रोमच्या घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. पण म्हाताऱ्याचा हेल बोलोन्याचा. निकोलेत्ता उत्तरेकडील वेनेतोची. एकाच भिंतीभोवती जमलेल्या या माणसांना जोडणारा दुवा भाषेचा नाही, दारिद्र्याचा आहे.

पेप्पेची भूमिका व्हित्तोरिओ गास्मान या, शेक्सपियरच्या शोकात्मिका गाजविलेल्या नटाने केली. रंगभूमीवरील शुद्ध व घनगंभीर वाणीबद्दल ज्याची ख्याती, त्याला मोनिचेल्ली यांनी तोतरे केले. हा विनोद केवळ शारीरिक नव्हे. पेप्पे अडखळतो तो विशेषतः मोठ्या शब्दांवर. काम 'शास्त्रीय' रीतीने व्हावे असे सांगताना त्याची जीभ नेमकी त्या शब्दापाशी घसरते. जो शब्द आपला नाही, तो तोंडातही सहजपणे मावत नाही.

४

चोरांची स्वतःची सांकेतिक भाषा या चित्रपटात आहे, परंतु ती तुटपुंजी आहे. दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणारा तो 'मेंढी', तिजोरी म्हणजे 'मावशी', असे काही शब्द येतात. भुरट्या चोरांस ही परिभाषा पुरी पडत नाही, म्हणून ते शिकवणी लावतात. तोतो या थोर नटाने रंगविलेला दान्ते क्रुचानी हा निवृत्त तिजोरीफोड्या घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या साक्षीने, तिजोरी उघडण्याच्या पद्धतींवर चक्क व्याख्यान देतो. वर्गीकरण, प्रात्यक्षिक, प्रत्येक पद्धतीचे गुणदोष, काहीही राहत नाही. त्याचे नाव दान्ते आहे, हा योगायोग असो वा लेखकांचा खट्याळपणा. पण चौदाव्या शतकाच्या आरंभी ज्या कवीने इटलीतील बोली एकेक करून तपासल्या आणि रोमच्या बोलीस सर्वांत हीन ठरविले, त्याचे नाव या गुरूस लाभावे यात औचित्य आहे खरे.

येथे मराठी वाचकास शर्विलकाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. 'मृच्छकटिका'च्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, तेव्हा तो कनकशक्तीचे स्मरण करतो, भगदाड कमळाच्या आकाराचे करावे की पूर्ण कुंभाच्या, याचा विचार करतो आणि मापावयास दोरी नाही म्हणून यज्ञोपवीत वापरतो. सकाळी चारुदत्तही आधी त्या कामातील कौशल्याची वाखाणणी करतो. देवलांच्या मराठी अवतारामुळे हा चोर आपल्या रंगभूमीचाही झाला. दोन्ही कृतींत चोरीचे शास्त्र आहे, भिंत आहे आणि आत द्रव्याऐवजी दारिद्र्य सापडण्याची शक्यता आहे. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. 'मृच्छकटिका'त अनेक प्राकृते नांदतात, आणि शर्विलक मात्र संस्कृत बोलतो. शास्त्र आणि शास्त्राची भाषा ही दोन्ही त्याला वारसाहक्काने मिळाली आहेत. पेप्पे व त्याचे साथी यांची स्थिती त्या नाटकातील प्राकृत बोलणाऱ्या जुगाऱ्यांसारखी आहे. त्यांना शर्विलकाचे शास्त्र भाड्याने आणावे लागते. त्यांची फजिती होते ती बुद्धीच्या अभावी नव्हे. उसन्या भाषेतले ज्ञान ऐनवेळी उपयोगी पडत नाही, म्हणून ती होते. खरी तिजोरी उघडताना गुप्तपणे घेतलेली चित्रफीत ही मंडळी पाहत असतात, आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणी दोरीवरचे कपडे आड येतात. शास्त्र आणि शिष्य यांच्यामध्ये कोणाचे तरी धुणे वाळत असते.

५

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या बोलींविषयी आपण बोलत आहो, त्या खऱ्या आहेत काय? फेरिबोत्तेचे काम करणारा तिबेरिओ मुर्जा मूळचा सार्दिनियाचा; त्याच्या मुखातील सिसिलीची बोली दुसऱ्याच्या आवाजात मागाहून भरलेली आहे. बोलोन्याचा म्हातारा झालेले कार्लो पिसाकाने हे नेपल्सचे. क्लाउदिया कार्दिनाले यांचा जन्म ट्यूनिसचा, बालपणाची भाषा फ्रेंच. त्यांनाही आवाज दुसऱ्याचाच मिळाला. तेव्हा बोलीभूगोलाच्या अभ्यासकाने हा चित्रपट पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे आहे. येथे बोली ऐकू येत नाहीत. बोलींविषयीचे रोमचे मत ऐकू येते.

हे मान्य केले म्हणजे चित्रपटाचा एक दोषही मान्य करावा लागतो. फेरिबोत्तेच्या चित्रणात सिसिलीच्या माणसाविषयीचे ठरीव ग्रह (मत्सर, कडक पोशाख, बहिणीवरील पहारा) जसेच्या तसे येतात. पेप्पे, तिबेरिओ व मारिओ यांना चित्रपट ठशाबाहेर पडू देतो. फेरिबोत्तेला शेवटपर्यंत देत नाही. बोलीतून माणूस दाखविणे आणि बोलीवरून माणूस ठरविणे यांत जी सीमा आहे, ती येथे ओलांडली गेली आहे.

ही सीमा आपल्यालाही परकी नाही. मराठी नाटक-चित्रपटांतही वऱ्हाडी वा मालवणी बोलणारे पात्र दीर्घकाळ दोन वाक्यांच्या हशापुरते येत असे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकाने मालवणीस हशाचा विषय न ठेवता हशाची मालकीण केले, तेव्हा कुठे हे चित्र पालटले. वर्गात काही विद्यार्थी पहिल्या सत्रात बोलतच नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. ते विषयात कच्चे नसतात. तोंड उघडताच आपले गाव ओळखले जाईल याची त्यांना धास्ती असते. 'शास्त्रीय' या शब्दापाशी अडखळणाऱ्या पेप्पेवर वर्ग हसला, तेव्हा असे एक-दोघे हसले नाहीत, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

६

आता शेवटाकडे वळू. कोसिमोचा अंत त्याआधीच झालेला आहे. पिस्तूल रोखून तो गहाणवटीच्या पेढीत शिरतो, तर तेथील कारकून ते पिस्तूल शांतपणे हाती घेऊन त्याची किंमत सांगू लागतो. धमकीचे चिन्ह क्षणात गहाणाची वस्तू होते, आणि कोसिमोपाशी प्रत्युत्तरास शब्द उरत नाही. पुढे तो एका स्त्रीची पिशवी हिसकावून पळताना ट्रामखाली सापडतो. या सुखात्मिकेत मृत्यू आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यातील हास्य किती पातळ थरावर उभे आहे ते कळते.

घरफोडीनंतरच्या पहाटे पोलिसांच्या नजरेतून सुटण्यासाठी पेप्पे मजुरांच्या गर्दीत शिरतो आणि तिच्या रेट्याने बांधकामावर ढकलला जातो. तेथे काम करावे लागते, हे म्हातारा कापान्नेल्ले त्याला भयाने ओरडून सांगतो. आणि मग येते वृत्तपत्रातील ती छोटी बातमी : अज्ञात इसमांनी भिंतीस भोक पाडून पास्ता व हरभरे खाल्ले.

ही बातमी प्रमाण इटालियनमध्ये आहे, तिच्यात व्याकरणाची चूक नाही आणि तिच्यातील एकही विधान खोटे नाही. पण दीड तासाहून अधिक काळ ज्यांची नावे, टोपणनावे, हेल, भूक, तान्ही मुले, बहिणी व मरण यांची आपणास ओळख झाली, ती सारी माणसे 'अज्ञात' या एका शब्दात नाहीशी झाली आहेत. आता ते 'नेहमीचे' का, हेही उमगते. ते नेहमी तेथेच असतात. फक्त त्यांची दखल घेणाऱ्या भाषेत त्यांना नाव नसते.

उपशीर्षके वाचून हा चित्रपट पाहणाऱ्यास यातील बरेचसे लाभणार नाही, कारण उपशीर्षकांत सारे चोर एकाच सपाट भाषेत बोलतात. वृत्तपत्राची ती बातमी शेवटी जे करते, ते उपशीर्षके पहिल्या प्रसंगापासूनच करीत असतात. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, त्यांनी हा चित्रपट एकदा उपशीर्षके झाकून ऐकावा. शब्द कळणार नाहीत. पण ही माणसे एका गावची नाहीत, एवढे कानाला निश्चित कळेल. आणि त्यानंतर 'अज्ञात चोरट्यांनी' अशी सुरुवात असलेली बातमी वाचताना, ते चोरटे कोणत्या बोलीत बोलत असतील, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहणार नाही.